बिऱ्हाडवहीतला शेवटचा रकाना

डोरीनने नवऱ्याला जुन्या बाजारात पाठवलं होतं ते बाळाची उंच खुर्ची आणायला. तो घेऊन आला एक वही.

आता हे काही नवीन नव्हतं. सिल्व्हिओला दूध आणायला धाडावं तर तो चाळीस वर्षांपूर्वीच्या दुधाच्या बाटलीचं झाकण घेऊन यायचा. तो ज्या देशात जन्मला, तो पूर्व जर्मनी नावाचा देश, सिल्व्हिओ दोन वर्षांचा असतानाच नकाशावरून पुसला गेला होता. तेव्हापासून, म्हणजे कळायला लागल्यापासून, हा त्याचे कागद गोळा करत होता. काडेपेट्यांवरची चित्रं, कारखान्यातल्या जेवणाची कुपनं, साखरेच्या वड्यांची वेष्टनं, बसची तिकिटं. कॉफीच्या रिकाम्या पुड्या तर नंबर घालून ठेवलेल्या. होयर्सवेर्डा शहराच्या नव्या वस्तीतलं त्यांचं अडीच खोल्यांचं घर. त्यातली अर्धी खोली बाळाची, आणि त्या अर्धीतली अर्धी ह्या खोक्यांची. दहा महिन्यांच्या येट्टेचे लंगोट सापडायचे नाहीत, पण १९७४ सालचा धुण्याच्या पावडरचा पुडा बरोब्बर हाताला लागायचा.

"खुर्ची कुठाय?" डोरीनने विचारलं.

"अगं, खुर्चीचं सोड. हे बघ काय मिळालंय!" सिल्व्हिओने पांढरे सुती हातमोजे चढवले. एवढी काळजी त्याने येट्टेला पहिल्यांदा उचलताना घेतली नव्हती. "बिऱ्हाडवही! प्रत्येक इमारतीत एक असायची. कोण राहतं, कोणाकडे कोण पाहुणा आला, कधी आला, कधी गेला, सगळं लिहायचं. आणि ही कुठली आहे माहितीय? आपल्या इमारतीची! चौदा नंबरच्या दाराची!"

डोरीनने पुठ्ठ्यावर पाहिलं. खरंच त्यांचाच पत्ता होता. खाली सुबक निळ्या अक्षरात: वही सांभाळणार, रूडी लोबेडा, तिसरा मजला, डावीकडे.

"तिसरा मजला डावीकडे म्हणजे..."

"म्हणजे आपलंच घर!" सिल्व्हिओचा चेहरा लॉटरी लागल्यासारखा झाला होता.

त्याने पानं उलटून दाखवली. नाव, जन्मतारीख, धंदा, कुठून, कुणाकडे, शेरा, आल्याची तारीख, गेल्याची तारीख. पाहुण्यांच्या ओळी पूर्ण भरलेल्या, आणि प्रत्येक गेल्याच्या तारखेपुढे जांभळ्या शाईत दोन अक्षरांची सही. फक्त पहिल्या पानावर, खुद्द लोबेडाच्या ओळीत, गेल्याच्या रकान्यात फूटपट्टी लावून मारलेली एक सरळ रेघ होती.

"ही रेघ कसली?"

"कायमचा मुक्काम. त्याला जायचंच नव्हतं कुठे," सिल्व्हिओ म्हणाला.

डोरीनने येट्टेच्या खोलीत डोकावून ती श्वास घेतेय ना ते पाहिलं. ते ती तासातून चारदा पाहायची. दोन आठवड्यांनी, सोमवारी, येट्टे पाळणाघरात जाणार होती आणि डोरीन परत बेकरीत कामाला. त्या सोमवारच्या विचाराने तिला रात्र रात्र झोप नव्हती. तिथे पोरीला शिंक आली तर कोण बघणार? ती रडली आणि कोणाला ऐकूच गेलं नाही तर?

सिल्व्हिओने वही दाराजवळच्या छोट्या टेबलावर मांडली, बाजूला शाईचं जुनं पेन ठेवलं. "कशी शोभतेय!" म्हणाला.

त्या संध्याकाळपासून घरात फरशीच्या मेणाचा वास यायला लागला. जुन्या शाळेत यायचा तसा, आणि त्यात दगडी कोळशाच्या धुराचा. घरात ऊब नळातून यायची, कोळसा त्या इमारतीत कधी कोणी जाळला नव्हता. डोरीनने धूर झाला की वाजणारी घंटा तीनदा तपासली. घंटा ठीक होती.

गुरुवारी सासूबाई आल्या. कॉटबुसहून, तीन दिवसांसाठी, सुनेला धीर द्यायला. म्हणजे त्या तसं म्हणत होत्या. रोझविताबाईंच्या धीर देण्याने डोरीनचा असलेला धीरही पळून जायचा.

"अगो, पाळणाघराची एवढी भीती? आम्ही दहाव्या आठवड्यात पोरं नेऊन सोडायचो आणि सहाच्या पाळीला हजर! हा सिल्व्हिओ बघ. काही बिघडला का?"

डोरीनने सिल्व्हिओकडे पाहिलं. तो एका सार्डिन माशांच्या डब्याचा कागद इस्त्री करत होता.

घडलं ते मात्र त्याच्या आधी, दारातच. सासूबाईंनी बूट काढले, कोट खुंटीला लावला, समोर उघडी वही पाहिली, पेन उचललं आणि न थांबता लिहून टाकलं. नाव, जन्मतारीख, निवृत्त गिरणी कामगार, कॉटबुसहून, मुलाकडे, आल्याची तारीख. शेऱ्यात तीस वर्षांपूर्वी रद्द झालेल्या ओळखपत्राचा नंबरसुद्धा, तोंडपाठ. स्वतःच्या लग्नाचा वाढदिवस त्या बाईला कधी आठवला नव्हता.

"आई! काय केलंस हे!" सिल्व्हिओ हातमोज्यांसकट धावला.

"काय केलं?"

"लिहिलंस! वहीत!"

"मग वहीचं दुसरं काय करतात? लोणचं घालतात?" मग त्यांच्याही लक्षात आलं आणि त्या जरा वरमल्या. "अरे, हाताची सवय रे. दाराशी वही दिसली की हात आपोआप चालतो. तुला नाही कळायचं. तू त्या देशात दोन वर्षं होतास, तीही लंगोटात."

सिल्व्हिओने टिपकागद दाबला, फुंकर मारली, डोळ्यांत पाणी आणलं. शाई वाळली ती वाळलीच. सगळे रकाने भरले होते. रिकामा राहिला होता तो फक्त गेल्याच्या तारखेचा.

रविवारी सासूबाई निघाल्या. बागेतल्या डेलियांचे कंद थंडी पडायच्या आत उकरायचे होते. पहिलं हिंव पडलं की कंद कुजतात, आणि त्या कंदांवर त्यांचा मुलापेक्षा अंमळ जास्तच जीव होता. बॅग घेऊन खाली गेल्या, इमारतीच्या दाराला किल्ली लावली, आणि किल्ली कुलपातच मोडली. किल्लीवाला येईपर्यंत शेवटची गाडी गेली.

सोमवारी गाडी रद्द झाली. ह्यात भुताखेताचं काही नाही, ते होतच असतं. मंगळवारी टॅक्सी सांगितली. टॅक्सीवाला पाऊण तास वस्तीत फिरत राहिला. फोनवर म्हणाला, "बाई, बारा नंबर दिसतो, सोळा दिसतो, मधला चौदा काढून टाकला का?"

"मला घालवायचं नसेल तर सरळ सांगा ना," सासूबाई म्हणाल्या. आणि डोरीनने येट्टेला भरवायला कुस्करलेला बटाटा, चक्का आणि जवसाचं तेल पाहून पुढे जोडलं, "तेल जास्त झालंय."

बुधवारी सकाळी मात्र वेगळंच झालं.

सिल्व्हिओ कामाला गेला होता. सासूबाईंनी बॅग उचलली, येट्टेचा पापा घेतला आणि निघाल्या. डोरीनने दार लावलं. जिन्यात बॅगेची चाकं पायरीपायरीवर आपटत होती. धप्, धप्, धप्. मग वळण. मग परत धप्, धप्. डोरीन खिडकीशी जाऊन उभी राहिली, खाली हात हलवायला. खाली कोणी येईना. तिने कान दिला. चाकं अजून उतरतच होती. धप्, धप्. आवाज जिथे होता तिथेच, ना जवळ ना लांब. तीन मजले उतरायला एवढा वेळ? येट्टे तिच्या कडेवर गप्प होती, दाराकडे टक लावून.

मग आवाज थांबला. आणि त्यांच्याच दारावर टकटक झाली.

डोरीनने दार उघडलं. बाहेर सासूबाई. घामेजलेल्या, टोपी वाकडी.

"काय विसरलात, आई?"

"काही नाही," त्या हळूच म्हणाल्या. "मी उतरत होते, डोरीन. नुसती उतरतच होते... एक पायरी वर चढले नाही गं. आणि शेवटची पायरी संपली तर समोर तुझं दार."

आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी सुनेचा हात धरला. डोरीन तर मुळातच भित्री. पाळण्याच्या खिळ्याला, द्राक्षाच्या बीला, वाऱ्याला, सगळ्याला भ्यायची. पण गंमत अशी की सगळे घाबरले की तिची भीती जरा बाजूला सरून बसायची, गर्दीत जागा मिळाल्यासारखी.

"तुम्ही बसा. मी तळमजल्यावर जाऊन येते," ती म्हणाली.

ती येट्टेला घेऊन उतरली. चोपन्न पायऱ्या, सरळ खाली. तिला कोणी अडवलं नाही. तळमजल्यावर वुशान्स्कीबाई राहायच्या, शहाऐंशी वर्षांच्या. इमारत बांधली तेव्हापासून त्या तिथेच होत्या. त्यांनी कॉफी ओतली, येट्टेच्या हातात चमचा दिला.

"लोबेडा? आहे की तो," वुशान्स्कीबाई म्हणाल्या.

"पण ते तर वारले ना?"

"हो, ते झालंच. नव्वद साली, फेब्रुवारीत. पण वहीत कुठे नोंद आहे?" त्यांनी बिस्कीट कॉफीत बुडवलं. "फार काटेकोर माणूस. माझा भाऊ एकदा ड्रेस्डेनहून आला होता, जाताना नोंद करायची राहिली. लोबेडा सायकल मारत स्टेशनवर गेला, गाडीत बसलेल्याला उतरवून परत आणला. आल्याची तारीख लिहिली की गेल्याची लिहायची, आणि वर त्याची सही. त्याशिवाय कोणी ह्या दारातून सुटायचं नाही."

"सासूबाईंनी आल्याची लिहिलीय... नुसती."

"मग कशी जाईल ती?" वुशान्स्कीबाईंना त्यात नवल करण्यासारखं काही वाटलं नाही. "शेवटी शेवटी वह्या बंद झाल्या म्हणून सांगितलं. लोक हसायचे त्याला. तरी हा दर बुधवारी चार ते पाच दारात टेबल मांडून बसायचा. कोणी जाईना. मीसुद्धा गेले नाही. मला मेलीला वाटलं, आता कशाला... एकटा जीव, बायको नाही, पोर नाही. पोरांचा फार लळा होता त्याला. इमारतीत मूल जन्मलं की पहिला हा वर यायचा, वही घेऊन. त्या टेबलाशी बसल्या बसल्याच गेला." मग त्यांनी कॅलेंडरकडे पाहिलं. "आज बुधवारच ना गं?"

सिल्व्हिओ साडेतीनला आला आणि सगळं ऐकून त्याने वही छातीशी धरली.

"अजिबात नाही! आधीच एक ओळ खराब झालीय. आता एक अक्षर लिहू देणार नाही मी. ही वस्तू आहे, आई. इतिहास आहे!"

"अरे, इतिहास मला जिना उतरू देत नाहीये!" सासूबाई ओरडल्या. "आज रात्री हिंव पडणार आहे! माझे कंद!"

"तू गोंधळली असशील जिन्यात. तुझ्या वयात..."

"माझं वय काढतोस?"

"सिल्व्हिओ," डोरीन म्हणाली. ती कधी आवाज चढवायची नाही, म्हणून दोघंही वळले. "एक तर ही वही आज चार वाजता त्या टेबलावर उघडी असेल, नाही तर तुझी आई कायमची येट्टेच्या खोलीत राहील, आणि तुझी सगळी खोकी तळघरात जातील. ओल्या तळघरात."

सिल्व्हिओने वही टेबलावर ठेवली. "बॉलपेन वापरू नका निदान," एवढंच पुटपुटला.

सासूबाईंनी गेल्याच्या रकान्यात त्या दिवसाची तारीख घातली. टेबलाशी डोरीनने स्वयंपाकघरातली एक खुर्ची ठेवली, वरचा छोटा दिवा लावला. मग चौघं आतल्या खोलीत जाऊन बसले आणि दार ओढून घेतलं. "समोर उभं राहू नका, त्याला घाई केलेली खपत नाही," असं वुशान्स्कीबाईंनी डोरीनला ती निघताना बजावलं होतं.

चार वाजता नोव्हेंबरात उजेड संपतोच. खिडकीबाहेर समोरच्या पाडून टाकलेल्या इमारतींची मोकळी जागा करडी होत होत दिसेनाशी झाली. घरात फक्त नळ्यांतलं पाणी वाजत होतं. मग मेणाचा वास वाढला. दाराच्या फटीतून तो धुरासारखा आत आला.

बाहेर खुर्ची करकरली. वजनदार माणूस बसल्यावर करकरते तशी.

"सिल्व्हिओ..." सासूबाई कुजबुजल्या.

"श्श..."

कोणीतरी घसा खाकरला. पान उलटलं. परत एक पान. मग पेनाच्या टोकाचा आवाज, कागदावर, शांत, एकसारखा. खर्र... खर्र... खर्र... सिल्व्हिओने डोळे मिटून घेतले होते. भीतीने की वहीच्या काळजीने, ते सांगता येणार नाही.

"एका सहीला इतका वेळ?" सासूबाईंनी सुनेच्या कानात विचारलं.

"नियम वाचत असतील..."

येट्टे डोरीनच्या मांडीवर होती. ती बंद दाराकडे पाहून एकदम हसली, आणि दोन्ही हात पुढे केले. कोणी उचलून घ्यायला आलं की करायची तसे. डोरीनने तिला इतकं घट्ट धरलं की पोरगी कुरकुरली. बाहेरचा पेनाचा आवाज थांबला. जरा वेळ काहीच नाही. मग लाकडाची फूटपट्टी टेबलावर ठेवल्यासारखा हलका आवाज आला.

पाचाला खुर्ची मागे सरकली, आणि वास विरला.

वहीत तारखेपुढे जांभळ्या शाईत दोन ओली अक्षरं होती. सासूबाईंनी ती पाहिली, बॅग उचलली आणि मागे न बघता जिना उतरल्या. ह्या वेळी चोपन्न पायऱ्या चोपन्नच होत्या. दार आपटलं, बस वेळेवर आली, गाडीही आली. रात्री आठला फोन: "कंद काढले! सगळे! आणि डोरीन, बटाट्यात तेल कमी घाल." सिल्व्हिओ शाईचा वास घेत घेत घरभर नाचत होता. "अस्सल सही! अस्सल! कुणाकडे नसेल!" ती जांभळी अक्षरं खरी कोणी काढली, हा प्रश्न त्याने स्वतःला विचारलाच नाही; सहीपलीकडे त्याला काही दिसतच नव्हतं. त्याने वही कागदात गुंडाळली, खोक्यात घातली आणि खोकं माळ्यावर चढवलं.

त्याच्या आधी, तो हातमोजे शोधत असताना, डोरीन एकटी टेबलाशी उभी होती. एका सहीला एवढा वेळ का लागला, हे तिच्या मनातून जात नव्हतं. तिने ओळीच्या खाली पाहिलं.

खाली एक नवीन ओळ होती. सुबक, निळ्या शाईत. येट्टे कुबिश. जन्मतारीख बरोबर. धंदा: बाळ. कुठून: इथलीच. कुणाकडे, ह्या रकान्यात: तिसरा मजला, डावीकडे. शेरा: दात दोन.

येट्टेला एकच दात होता. डोरीनने बोट धुतलं, तिच्या हिरडीवरून फिरवलं. दुसऱ्याचं टोक, तांदळाच्या कणीएवढं, आत्ताच वर आलं होतं.

गेल्याच्या रकान्यात फूटपट्टीने मारलेली एक सरळ रेघ होती.

डोरीनने हे सिल्व्हिओला सांगितलं नाही. का नाही सांगितलं, हे तिने मनातल्या मनातसुद्धा कबूल केलं नसतं. ती रेघ पाहून ती घाबरली, हे खरं. पण त्याच्या आधी, अगदी क्षणभर आधी, तिला बरं वाटलं होतं.

सोमवार उजाडला. पावणेसात, बाहेर काळोखच. डोरीन कोट घालून, येट्टे जाड कपड्यांत गुंडाळलेली, पिशवीत जादा लंगोट, जादा मोजे, जादा सगळंच. सिल्व्हिओने दाराची मूठ फिरवली. परत फिरवली. खांदा लावला.

"अडकलंय. कालपर्यंत तर बरं होतं. तेल घालायला हवं."

मेणाचा वास डोरीनला कधीच आला होता. येट्टे तिच्या खांद्यावरून मागे बघत होती आणि हात हलवत होती. टाटा करायला ती अजून शिकली नव्हती. ती बोलवत होती.

"आणि ही कधी आणलीस?" सिल्व्हिओ तेलाच्या बाटलीसाठी वळला होता, तो मध्येच थांबला. "मला न विचारता? अगं, ही अस्सल आहे, साठ-पासष्ट सालची असेल!"

डोरीन वळली. दाराजवळच्या छोट्या टेबलाशी, दिव्याखाली, लाकडाची एक उंच खुर्ची नीट सरकवून ठेवली होती. बाळाची. नुकतंच मेण लावून पुसलेली. टेबलावर, माळ्यावरच्या खोक्यात बांधून ठेवलेली वही उघडी होती.

"मी नाही आणली," डोरीन म्हणाली.

सिल्व्हिओ हातमोजे न घालताच खाली वाकला. खुर्चीच्या पुढच्या फळीवर, कडेला, दोन बारीक दातांचे ठसे होते. अजून ओले.